सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची व्यवस्था: खण, डब्या, पिशव्या आणि लेबलं

तिसरा_खण (धागाकर्ता)

छंद म्हणून सर्किटं बनवायला लागलं की भाग वाढत जातात आणि जागा मात्र तेवढीच राहते. कुठले खण घ्यावेत, आयसी (एकाच काळ्या तुकड्यात अख्खं सर्किट असलेले भाग) कशात ठेवाव्यात, हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, म्हणून माझी पद्धत सविस्तर लिहितो. तुमचीही लिहा, सगळं एका जागी राहील.

व्यवस्था लावताना मी आधी बघतो ते हे, की वस्तू परत ठेवणं किती सोपं आहे. शोधायला माणूस वेळ काढतोच, कारण काम अडलेलं असतं. काम संपल्यावर उरलेले चार रेझिस्टर जागेवर ठेवायचे असतात तेव्हा कंटाळा येतो, आणि सरमिसळ तिथून सुरू होते. परत ठेवायला तीन झाकणं उघडावी लागत असतील तर ती रचना महिनाभरही टिकत नाही, मग डबे कितीही महागाचे असोत.

दुसरी गोष्ट ओळखीची. रेझिस्टरवर रंगाचे पट्टे असतात, चकती कपॅसिटरवर १०४ किंवा १०३ असा आकडा असतो (१०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड). पण बोर्डावर सपाट बसणाऱ्या, बिनपायांच्या चिप कपॅसिटरवर काहीही छापलेलं नसतं. पिशवीतून बाहेर पडून दुसऱ्यात मिसळला की तो कोण हे डोळ्यांना कळत नाही. अशा भागाची ओळख म्हणजे त्याच्या पिशवीवरचं लेबल. म्हणून लेबल आधी, खण नंतर.

आता रेझिस्टर. ई१२ या ठरलेल्या मालिकेत एका दशकात (म्हणजे दहापटीच्या एका टप्प्यात) बारा किमती, म्हणजे ओममधली मूल्यं, येतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. १० ओमपासून १ मेगओमपर्यंत पाच दशकं, म्हणजे ६० आणि शेवटचा १ मेग धरून ६१ किमती. एवढे खण कुणी घेऊ नयेत. माझ्याकडे २२० ओम, ३३० ओम, १ के, ४.७ के, १० के आणि १०० के यांना स्वतंत्र खण आहेत, कारण ते रोज लागतात. बाकी सगळ्या किमती छोट्या झिपच्या पिशव्यांत, आणि त्या पिशव्या पत्त्यांच्या कार्डांसारख्या एका लांबट डब्यात उभ्या लावलेल्या. मध्ये दशकानुसार जाड पुठ्ठ्याचे दुभाजक. परत ठेवताना नेमकी जागा सापडली नाही तरी दशक चुकत नाही, आणि दहाबारा पिशव्यांत शोधणं अवघड नसतं.

पट्टीवर लावलेले पायवाले रेझिस्टर पट्टीसकटच ठेवावेत. पट्टीच्या एका टोकाला पेनाने किंमत लिहायची आणि कापायचं कायम दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे लिहिलेलं टोक शेवटपर्यंत राहतं. पाव वॅटच्या नेहमीच्या पट्टीत दोन रेझिस्टरमधलं अंतर ५ मिलिमीटर असतं. मोजत बसायला नको, ५० सेंटिमीटर पट्टी म्हणजे १०० नग. आणखी एक: रेझिस्टर पट्टीतून ओढून काढू नका, पाय कागदाच्या आतून कात्रीने कापा. ओढला तर पायाच्या टोकाला डिंक राहतो, तोच पाय ब्रेडबोर्डमध्ये (सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीत) घातला की डिंक आतल्या स्प्रिंगला लागतो आणि मग ते भोक कधी जोडतं, कधी जोडत नाही.

---

नवा_ओम

फार उपयोगी धागा. माझ्याकडे एक मोठी पिशवी आलीय, त्यात सगळ्या किमतींचे रेझिस्टर सुटे. बहुतेक निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे. हे सगळे निवडावेत का? आणि निवडायचे तर रंग वाचून की मीटरने?

---

तिसरा_खण

मीटरने. निळ्या अंगावर तपकिरी, लाल आणि नारिंगी हे तीन पट्टे एकमेकांसारखे दिसतात, पिवळसर दिव्याखाली तर फारच. शिवाय पाच पट्ट्यांत १ टक्का अचूकता दाखवणारा शेवटचा पट्टाही तपकिरीच असतो, त्यामुळे कुठल्या टोकाकडून वाचायचं हेच कळत नाही.

पण सगळे निवडू नका. आधी मीटरला क्रोकोडाइल क्लिपा लावा आणि टेबलावर पाचच वाट्या मांडा: १ के च्या खाली, १ ते १० के, १० ते १०० के, १०० के ते १ मेग आणि त्याच्या वर. एवढंच करून थांबा. पुढे एखादी किंमत लागेल तेव्हा त्या वाटीत शोधाल आणि सापडलेली लगेच तिच्या पिशवीत टाकाल. ज्या किमती कधी लागणारच नाहीत त्यांच्यावर संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही.

---

चिमटा

मी सगळं काम एसएमडीत (बोर्डाच्या पृष्ठभागावर थेट सोल्डर होणाऱ्या, बिनपायांच्या छोट्या भागांत) करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

पहिला घोळ आकाराच्या नावांचा. आपण ०६०३ म्हणतो ते इंचातलं नाव, तो भाग १.६ × ०.८ मिलिमीटरचा असतो. त्यालाच मेट्रिकमध्ये १६०८ म्हणतात. पण मेट्रिक ०६०३ नावाचाही भाग आहे, तो ०.६ × ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे इंचातला ०२०१. लेबलावर नुसतं ०६०३ लिहू नका, इंच की मेट्रिक ते लिहा. दोन ठिकाणांहून माल येत असेल तर हे हमखास नडतं.

दुसरं, पट्टी कापून घेतली असेल तर तिच्यावर स्वतःची किमान दोन लेबलं हवीत: एक पिशवीवर आणि एक खुद्द पट्टीच्या मागच्या बाजूला. पिशवीतून पट्टी काढून बोर्डाशेजारी ठेवली, तशाच आणखी तीन काढल्या, की कुठली कुठल्या पिशवीतली हे चिप कपॅसिटरच्या बाबतीत सांगता येत नाही. रेझिस्टरवर निदान आकडे असतात, तेही ०४०२ वर बहुधा नसतात. १ टक्क्याच्या ०६०३ रेझिस्टरवर ०१सी असं काही दिसलं तर गोंधळू नका. ती ईआयए-९६ ही किंमत तीन खुणांत लिहायची पद्धत. ०१ म्हणजे १००, सी म्हणजे गुणिले १००, म्हणजे १० के.

मोजणी इथेही पट्टीवरून होते. ८ मिलिमीटर रुंद पट्टीला कडेची भोकं ४ मिलिमीटरवर असतात. ०६०३ आणि ०८०५ मध्ये एका भोकामागे एक भाग, म्हणजे ४० सेंटिमीटरला १००. ०४०२ साधारणपणे २ मिलिमीटरवर असतात, म्हणून तेवढ्याच लांबीत २००.

ठेवायला मी फाइल वापरतो. व्हिजिटिंग कार्डांसाठी कप्पेवाली पारदर्शक पानं मिळतात, प्रत्येक कप्प्यात एका किमतीची पट्टी, दर पानावर एक दशक. पान उलटलं की सगळं डोळ्यांसमोर. कप्प्याचं तोंड वर असतं, म्हणून फाइल आडवी पडली तरी पट्टी सांडत नाही. पट्टीवरचं वरचं प्लास्टिक मात्र लागेल तेवढंच सोलायचं. जास्त सोललं तर ते परत चिकटत नाही आणि कप्प्याच्या तळाशी भाग गोळा होतात. तसे सुटे पडलेले चिप कपॅसिटर मी ठेवत नाही, टाकून देतो. न ओळखलेला एक कपॅसिटर बोर्डावर गेला तर दोष शोधण्यात जाणारा वेळ त्याच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

---

उलटा_डायोड

चिमटा यांच्या टाकून देण्याला +१.

पायवाल्या ट्रान्झिस्टरबद्दल माझी एक आग्रहाची सूचना आहे: लेबलावर नुसता क्रमांक लिहू नका, पायांचा क्रमही लिहा. बीसी५४७ सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दोघांचं घर, म्हणजे बाहेरचं आवरण, एकच: टीओ-९२. याहून फसवं म्हणजे पीएन२२२२ए मध्ये क्रम एमिटर-बेस-कलेक्टर, आणि पी२एन२२२२ए मध्ये बरोबर उलटा. नावात एका आकड्याचा फरक. हे दोन एका खणात कधीही ठेवू नयेत.

रेग्युलेटरचंही तेच. ७८०५ समोरून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७८एल०५ टीओ-९२ मध्ये सपाट बाजूने आउटपुट, ग्राउंड, इनपुट. ७९०५ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. एलएम३१७ मध्ये ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट. माझ्या खणांच्या लेबलांवर भागाचं छोटं चित्र आणि तीन अक्षरं असतात. डेटाशीट उघडायची गरज संपत नाही, पण रात्री डोळे थकलेले असताना ते चित्र वाचवतं.

---

नवा_ओम

आयसी आणि मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवले तर चालतात ना? माझ्याकडे गुलाबी पिशव्या पुष्कळ आहेत. आणि काही आयसी मी थर्मोकोलमध्ये खोचून ठेवल्यात.

---

कोरडी_हवा

थर्मोकोलमधून आजच काढा. थर्मोकोल स्थिर विजेचा भार धरून ठेवणारा पदार्थ आहे, घासला की भारित होतो आणि त्यात आयसीचे पाय खोचणं म्हणजे नेमकं घासणंच. मॉसफेटच्या गेटखाली ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. नेहमीच्या बऱ्याच मॉसफेटना गेट-सोर्समध्ये ±२० व्होल्टची मर्यादा दिलेली असते, आणि अंगातून ठिणगी गेल्याचं आपल्याला जाणवतं तेव्हा व्होल्टेज हजारोंच्या घरात असतं. वाईट भाग असा की मार बसलेला भाग दर वेळी लगेच मरत नाही. तो गळका होतो, चालतो, आणि काही महिन्यांनी दगा देतो.

गुलाबी पिशवीबद्दल: ती स्वतः भार तयार करत नाही, एवढंच तिचं काम. बाहेरून आलेला मार ती अडवत नाही. अडवते ती चंदेरी पिशवी, कारण तिच्यात धातूचा थर असतो. खणात, एका जागी राहणारे आयसी गुलाबी पिशवीत ठेवायला हरकत नाही, पण मायक्रोकंट्रोलर, मॉसफेट, आरएफचे भाग, सेन्सर चंदेरी पिशवीत ठेवा आणि तोंड दुमडून बंद करा. उघड्या तोंडाच्या पिशवीचा उपयोग निम्माही राहत नाही.

पायवाल्या आयसींसाठी काळा वाहक फोम उत्तम, सगळे पाय एका विभवावर राहतात. मात्र जुना झालेला फोम बोटाने दाबून बघत जा. चिकट किंवा भुसभुशीत लागला तर ताबडतोब बदला, तो पायांना चिकटतो आणि पाय गंजवतो. आणि ज्या बोर्डावर बटण सेल बसवलेला आहे तो बोर्ड काळ्या फोमवर ठेवू नका. फोम वाहक आहे, सेल हळूहळू उतरतो.

प्लास्टिकचे साधे खणही भार धरतात. म्हणून आयसी खणात सुट्या नकोत, पिशवीसकट ठेवायच्या.

---

चिमटा

ओलाव्याबद्दल पण लिहा ना. तुमचं नावच तसं आहे.

---

कोरडी_हवा

लिहितो, कारण यावर दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात.

आयसीचं काळं प्लास्टिक हवेतला ओलावा शोषतं. रिफ्लो ओव्हनमध्ये (अख्खा बोर्ड तापवून सोल्डर करायच्या भट्टीत) किंवा हॉट एअरखाली तो भाग एकदम तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि घर आतून तडकतं. म्हणून अशा भागांना एमएसएल, म्हणजे ओलाव्याला किती नाजूक ते सांगणारी, पातळी दिलेली असते. पातळी १ ला मर्यादा नाही. पातळी ३ म्हणजे सीलबंद पिशवी फोडल्यापासून, ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत, १६८ तास. तुम्ही साध्या सोल्डरिंगने एकेक पाय जोडत असाल तर घर तेवढं तापत नाही, त्यामुळे फार काळजी करू नका. हॉट एअर किंवा हॉटप्लेट वापरत असाल तर काळजी करा. पाच बाय पाच मिलिमीटरचे ॲड्रेसेबल (प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येणारे) एलईडी ओलाव्याला विशेष नाजूक असतात. ते उघडे ठेवून नंतर हॉट एअरने लावले तर मेलेले निघतात.

उपाय सोपा आहे. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेल नारिंगी प्रकारचं घ्या, ओलं झालं की हिरवट होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, त्याची धूळ श्वासात जाणं चांगलं नाही. भिजलेलं जेल १०० ते १२० अंशांवर काही तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. सुट्या भागांची रिळं मात्र डब्यातून काढून अशी तापवू नका, आयसी सुकवायचं १२५ अंश तापमान प्लास्टिकच्या पट्टीला झेपत नाही.

दमट हवेत दुसरा त्रास पायांचा. चांदीचा मुलामा असलेले पाय आणि संपर्क काळे पडतात, आणि त्याला गंधक कारणीभूत असतं. पिशव्यांना किंवा भागांच्या जुड्यांना रबरबँड लावू नका, रबरात गंधक असतं. कागदी पट्टी किंवा क्लिप वापरा.

---

वहीवाला

मी जुने रेडिओ दुरुस्त करतो, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल माझं मत ठाम आहे. ते कमी घ्या, आणि प्रत्येक पिशवीवर वर्ष घाला. रेझिस्टर पडून राहिला तर बिघडत नाही. इलेक्ट्रोलिटिकच्या आतला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर मात्र व्होल्टेज न मिळता वर्षानुवर्षं पडला की कमकुवत होतो आणि गळती वाढते. असा कपॅसिटर थेट पूर्ण व्होल्टेजला लावायचा नाही. कमी व्होल्टेजचा असेल तर १ के रेझिस्टरमधून, बेंच सप्लायने व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवत त्याच्या मर्यादेपर्यंत न्यायचं आणि गळतीचा प्रवाह उतरून स्थिर होईपर्यंत तसंच ठेवायचं. मग रेझिस्टरमधूनच उतरवायचा. प्रवाह उतरतच नसेल, किंवा डोकं फुगलेलं असेल, तर कचऱ्यात. उष्णतेनेही आयुष्य घटतं, म्हणून हा खण सप्लायच्या किंवा खिडकीच्या शेजारी नको.

जुन्या बोर्डावरून काढलेले भाग नव्यांत मिसळू नका, हेही सांगून ठेवतो. माझ्याकडे त्यांचा वेगळा डबा आहे आणि त्यावर लाल खूण आहे. प्रयोगाला वापरतो, दुसऱ्याच्या रेडिओत नाही.

---

नवा_ओम

नोंद कशी ठेवता? मी इन्व्हेनट्री हे भागांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर लावायला घेतलंय, पण भाग भरता भरता दमलो.

---

वहीवाला

नावाप्रमाणे वही. डावीकडे खणाचा क्रमांक, उजवीकडे काय आहे. संख्या लिहीत नाही. खणात शेवटची पिशवी उघडली की त्या पिशवीतली छोटी चिठ्ठी काढून टेबलावरच्या खिळ्याला लावतो. पुढची मागणी करताना त्या चिठ्ठ्या बघतो, झालं.

---

चिमटा

मी इथे थोडा वेगळा विचार करतो. इन्व्हेनट्री किंवा पार्ट-डीबी ही मुक्त सॉफ्टवेअरं चांगली आहेत, पण त्यांचा फायदा अनेक प्रकारचे भाग आणि सर्किटांच्या याद्या सांभाळायच्या असतात तेव्हा. शंभरभर प्रकारांना स्प्रेडशीट पुरते, आणि तिच्यात चारच रकाने ठेवा: भाग, आकार, जागा, डेटाशीटचा दुवा. जागेचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मायक्रोकंट्रोलरसारखे महाग भाग सोडले तर संख्या भरत बसू नका. रेझिस्टरची संख्या दर वेळी कमी करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि चुकीची संख्या ही संख्या नसण्यापेक्षा वाईट.

---

तिसरा_खण

दोन्ही पटतात. माझी खणांची क्रमांकपद्धत अशी: उभा स्तंभ अक्षराने, आडवी ओळ आकड्याने, म्हणजे क३, ग७. खणाच्या आत काय आहे ते बदललं तरी क्रमांक बदलत नाही.

एक आकाराबद्दल सांगायचं राहिलं. थ्री-डी प्रिंटर असेल तर ग्रिडफिनिटी बघा. झॅक फ्रीडमन यांनी २०२२ साली मांडलेली खुली पद्धत आहे. ४२ मिलिमीटरचा चौकोन आणि उंची ७ मिलिमीटरच्या पटीत, त्यामुळे कुणीही बनवलेली डबी कुणाच्याही तळपट्टीवर बसते. कनेक्टर, स्क्रू, मॉड्यूल यांना फार छान. सुट्या आयसींना नको, कारण वर आलंच आहे.

कनेक्टरचं सांगतो. जेएसटी-पीएच २ मिलिमीटरचा आणि जेएसटी-एक्सएच २.५ मिलिमीटरचा, दिसायला दोन्ही पांढरे. यांची घरं, पिना आणि बोर्डावरचे सॉकेट एकाच डबीत, संचाने ठेवावेत. पिना एकीकडे आणि घरं दुसरीकडे असली की काम हमखास अडतं. तसेच एम२.५ आणि एम३ चे स्क्रू एका डबीत नकोत. एम३ चा स्क्रू एम२.५ च्या नटात जबरदस्तीने फिरवला की आटे गेले.

---

कोरडी_हवा

बॅटऱ्यांचं कुणी लिहिलं नाही, आणि ते सगळ्यांत आधी यायला हवं होतं.

बटण सेल सुटे, एका डबीत एकावर एक कधीही नाही. ते एकमेकांना लागून उतरतात, तापतात. मूळ पाकिटातच राहू द्या. लहान मुलं घरात असतील तर तो डबा कुलपात हवा, कारण लिथियम बटण सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत गंभीर भाजणं सुरू होऊ शकतं. अशा वेळी थांबायचं नाही, थेट रुग्णालय. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं शेजारी असतात, म्हणून टोकांवर चिकटपट्टी. लिपो (लिथियम पॉलिमर) सेल पूर्ण चार्ज करून महिनोन्महिने ठेवू नका, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, आणि तारा, स्क्रू, कापलेले पाय यांच्यापासून लांब. फुगलेला सेल खणात परत जात नाही.

---

नवा_ओम

आजच बटण सेल वेगळे केले, थर्मोकोलही काढलं. शेवटचा प्रश्न: काचेचे छोटे डायोड एका डबीत मिसळलेत. काही १एन४१४८ (साधे डायोड) असावेत, काही झेनर (उलट्या दिशेने ठराविक व्होल्टेजला वाहणारे). छापील अक्षरं भिंगातूनही लागत नाहीत. कसे वेगळे करू?

---

उलटा_डायोड

आधी मीटरच्या डायोड मोडवर सगळे पुढच्या दिशेने बघा. ०.६ च्या आसपास येतील ते सिलिकॉन: १एन४१४८ किंवा झेनर. ०.२ ते ०.३५ येतील ते शॉट्की किंवा जर्मेनियम, ते आत्ताच बाजूला काढा, त्यांच्यावर पुढची चाचणी करू नका.

मग बेंच सप्लाय ३० व्होल्टवर ठेवा, १० के रेझिस्टर मालिकेत, आणि डायोड उलटा, म्हणजे पट्ट्याची बाजू धनाकडे. डायोडच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. जवळजवळ पूर्ण ३० व्होल्ट दिसले तर १एन४१४८ समजायला हरकत नाही, त्याची उलट मर्यादा बरीच वर आहे (३० व्होल्टच्या वरचा झेनरही असाच दिसेल, पण तो क्वचित सापडतो). ५ किंवा १२ असं काही दिसून स्थिर राहिलं तर तो झेनर आणि तेच त्याचं व्होल्टेज. कमी व्होल्टेजचे झेनर थोडे खाली दाखवतील, कारण त्यांची किंमत बहुधा ५ मिलिअँपिअरला दिलेली असते आणि इथे प्रवाह त्याच्या निम्माच आहे. ४.८ दिसलं तर ५.१ चा असू शकतो. रेझिस्टर ४.७ के करून पुन्हा बघा.

एटीमेगा३२८ वाला साधा कंपोनंट टेस्टर इथे पुरत नाही. तो ५ व्होल्टवर तपासतो, त्यामुळे त्याहून मोठा झेनर त्याला साधा डायोड वाटतो. बाकी ट्रान्झिस्टरचे पाय ओळखायला तो फार चांगला, फक्त कपॅसिटर लावण्याआधी उतरवून घ्या.

आणि मोजलेला प्रत्येक डायोड मोजल्या मोजल्या पिशवीत टाका, सगळे मोजून मग भरू असं करू नका. पिशवीवर व्होल्टेज पेन्सिलीने लिहा आणि पुढे "मोजलेलं" असं लिहा, म्हणजे विकत घेतलेल्या झेनरमध्ये ते जाणार नाहीत.